मधला कट्टा

चित्रकाराची ओळख करून द्यायची तर त्याचं एखादं गाजलेलं चित्र आधी पुढे ठेवायचं, अशी रीत आहे. नवज्योत अल्ताफ यांच्याविषयी लिहिताना मी सिमेंटचा एक कट्टा पुढे ठेवते. छत्तीसगडच्या बस्तरमध्ये, कोंडागावच्या परिसरात, एका हापशाला लागून तो बांधलेला आहे. भरलेली घागर जमिनीवरून थेट डोक्यावर न घेता आधी त्या कट्ट्यावर टेकवायची, श्वास घ्यायचा, चुंबळ नीट करायची आणि मग उचलायची. कट्ट्याचं काम एवढंच. अशा जागांना तिथे ‘नळपार’ म्हणतात, आणि या नळपारांवर देशोदेशीच्या कलासमीक्षकांनी पानंच्या पानं लिहिली आहेत.

मी डिचोली तालुक्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवते. पणजीला आल्तिनोवरच्या गोवा कला महाविद्यालयात शिकत होते तेव्हा ग्रंथालयातल्या एका जाडजूड कॅटलॉगमध्ये नळपाराचा फोटो पाहिला. मागच्या-पुढच्या पानांवर मोठमोठे कॅनव्हास, आणि मध्येच हा हापसा. वर्गातला एकजण म्हणाला, “पीडब्ल्यूडीच्या फायलीतलं पान चुकून इथे शिवलेलं दिसतंय.” सगळे हसले. हसण्यासारखंच होतं ते. चौथरा, त्याच्या कडेला आडोशाची भिंत, भिंतीवर काही आकृत्या, सांडलेलं पाणी वाहून जायला पन्हळ. पण फोटोतले ते दोन वेगवेगळ्या उंचीचे टप्पे बघून मला आमच्या वाड्यावरची, म्हणजे वस्तीतली, विहीर आठवली, आणि मग ते पान ओलांडून पुढे जाववेना.

घागर उचलताना अंगाचं काय होतं हे चित्रकलेच्या विद्यार्थ्याने एकदा तरी नीट पाहावं. पंधरा लिटर पाणी म्हणजे पंधरा किलो, तांब्या-पितळेचं वजन वेगळं. बाई आधी ओणवी होते. एक हात घागरीच्या गळ्याला, दुसरा बुडाखाली. घागर गुडघ्यापर्यंत आली की मांडीचा आधार मिळतो, तिथवर ठीक. खरी कसोटी त्यापुढची, मांडीपासून खांद्यापर्यंतची. तिथे कशाचाच आधार नसतो. पाठ उलट वाकते, मान आखडते, पाय ओल्या शेवाळावर. एका झटक्यात घागर वर जायला हवी. गेली नाही तर ती कपाळावर तरी आपटते, नाहीतर बोटांवर. म्हणून विहिरीवर एकटी बाई सहसा जात नाही. “हात लाव गो,” असं शेजारणीला म्हणायचं आणि तिने खालून हात द्यायचा, हे शेकडो वर्षं चालत आलेलं आहे. मधला कट्टा म्हणजे शेजारीण घरी नसेल त्या दिवशी तिथे राहिलेला तिचा हात.

आमची विहीर छान बांधलेली आहे. चिऱ्यांची, घाटदार, भोवती गोल कठडा, कठड्यावर दोन खांब आणि मध्ये कप्पी. बांधणाऱ्याने आपलं नाव आणि साल कोरून ठेवलंय. सौंदर्यदृष्टी होती त्या माणसाला, नाही असं नाही. पण कठडा इतका रुंद आणि गोलसर की त्यावर भरलेलं भांडं ठेवलं की डुगडुगतं. ओढलेली कळशी शेवटी जमिनीवरच उतरवायची आणि जमिनीवरूनच उचलायची. ज्याने विहीर आखली त्याने त्या विहिरीचं पाणी कधी भरलं नसणार, हे त्या कठड्याकडे पाहून कोणीही सांगेल.

नवज्योत बस्तरला पोचल्या त्याआधी त्यांच्या मागे मुंबईतलं बरंच मोठं आयुष्य होतं. जन्म 1949 चा, मेरठचा. शिक्षण मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, साठचं दशक संपताना आणि सत्तरचं सुरू होताना. पती अल्ताफ मोहमदी हेही चित्रकार, डाव्या विचारांचे. दोघंही ‘प्रोयोम’ या तरुणांच्या डाव्या संघटनेत होती. पोस्टर करायची, गॅलरीच्या बाहेर, कॉलेजांत आणि कामगारवस्त्यांत चित्रं घेऊन जायची, असे ते दिवस. पुढे आणीबाणी आली. त्या काळातली त्यांची रेखाटनं काळ्या-पांढऱ्याची, घट्ट, दबलेल्या माणसांची आहेत. मला ती आवडतात, पण त्यांत बाई अजून ‘कष्टकरी जनता’ या मोठ्या शब्दाच्या आतच उभी आहे असंही वाटतं. बाईच्या अंगाला स्वतःची गोष्ट असते, तिचं दुखणं संपाच्या घोषणेत मावत नाही, हे त्यांच्या कामात हळूहळू उतरत गेलं. 1996 सालच्या ‘इमेजेस रिड्रॉन’मध्ये त्या चित्रातून शिल्पाकडे आल्या आणि त्यांनी स्त्रीदेह नव्याने घडवले. बघणाऱ्याच्या डोळ्यांना सुखावण्यासाठी पोज देऊन बसलेले हे देह नाहीत. ते जड आहेत, जमिनीला धरून आहेत, आपापल्या कामात आहेत. आपल्याकडच्या कॅलेंडरवरची घागरवाली आठवून पाहा. ओला पदर, कमरेवर लाडिक टेकवलेली कळशी, चेहऱ्यावर हसू. पंधरा किलो वजन घेऊन कोणी असं हसत नाही. जे. जे.च्या परंपरेतल्या मोठमोठ्या चित्रकारांनीही पाणवठ्यावरच्या बायका मन लावून रंगवल्या, त्यातल्या काही चित्रांपुढे मी आजही थबकते. पण त्या चित्रांत पाणी सगळं निळं-हिरवं चमकणारं. ते जड असतं हे कळायला जागाच नाही.

आणि 1997 च्या सुमारास त्या कोंडागावला गेल्या.

कोंडागाव म्हणजे कारागिरांचा मुलूख. जयदेव बघेल यांच्यासारखा धातुशिल्पाचा मोठा माणूस तिथला. ओतीव धातू, लोखंड, लाकूड, माती, सगळ्यांची कामं तिथे चालतात. शहरातल्या चित्रकाराने अशा ठिकाणी जायचं, तिथल्या आकृत्या वहीत उतरवून घ्यायच्या आणि परत येऊन आपल्या कॅनव्हासवर ‘आदिवासी प्रेरणा’ म्हणून चिकटवायच्या, हे आपल्याकडे इतक्यांदा झालंय की त्यात बातमीसुद्धा राहिलेली नाही. नवज्योत तिथेच राहून काम करू लागल्या. राजकुमार कोर्राम, शांतीबाई, गेस्सूराम विश्वकर्मा यांच्यासोबत. वर्षानुवर्षं, दोन दशकांहून अधिक. 2000 नंतर नळपारांची कामं सुरू झाली, मग मुलांसाठी ‘पिल्ला गुडी’ नावाच्या जागा बांधल्या गेल्या, जिथे पोरांनी जमावं, खेळावं, काहीतरी करावं.

यातली शांतीबाई मला विशेष महत्त्वाची वाटते. ती लाकडात काम करणारी शिल्पकार. छिन्नी-हातोडा आणि लाकूड हे तिकडेही पुरुषाचंच काम मानलेलं. आमच्याकडे चितारी, म्हणजे लाकडाच्या रंगीत वस्तू करणाऱ्या कारागिरांच्या, पेढीवर बाई रंधा मारताना मी तरी अजून पाहिलेली नाही. लाखेच्या रंगाचं बोट मात्र घरच्या बायकांचं असतं, ते कोणी मोजत नाही. शांतीबाईंच्या नावाने त्यांचं काम ओळखलं जातं, ही साधी वाटणारी गोष्ट साधी नाही. पणजीच्या फोंतेयनमध्ये फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेच्या इमारतीत त्रिंदाद संग्रह आहे. तिथे आंतोनियो शावियेर त्रिंदाद या बापाची चित्रं आहेत आणि आंजेला त्रिंदाद या लेकीचीही. शाळेच्या मुलांना घेऊन तिथे जायचा योग येतो. परत येताना बसमध्ये विचारलं, कोणाची चित्रं पाहिली, की पोरं एका सुरात “त्रिंदादची” म्हणतात. कुठल्या, हे पुन्हा विचारावं लागतं.

आता नळपाराकडे परत. हापसा बसवला जातो तेव्हा सरकार बोअर मारतं, लोखंडी दांडा उभा करतं, खाली जेमतेम सिमेंट ओतून निघून जातं. पहिल्याच वर्षी भोवती चिखलाचं डबकं होतं. गुरं येतात, डास होतात, बायका त्या राडीत उभ्या राहून दांडा मारतात. पाणी भरणं हे बायकांचं आणि पोरींचं काम, म्हणून ही राड कोणाच्या अजेंड्यावर येत नाही. नवज्योत आणि त्यांच्या सोबत्यांनी गावातल्या बायकांना विचारलं. कुठे दुखतं, काय अडतं, काय बघायला आवडेल. तरुण पोरांना सोबत घेतलं, कार्यशाळा झाल्या, वाद झाले. मग भांडी टेकवायला सोयीच्या उंचीवर जागा, पाणी साठू नये अशी पन्हळ, थोडा आडोसा, आणि भिंतीवर त्या गावाला ओळखीचे वाटणारे आकार. अशी एकेक जागा तयार झाली. काही ठिकाणी ती शिल्पासारखी दिसते, काही ठिकाणी नुसती ओबडधोबड. मला दोन्ही चालतात.

“पण हे कलेचं काम आहे का?” असं आमच्या स्टाफरूममध्ये गणिताचे सर विचारतात. विचारण्यात कुत्सितपणा नसतो, त्यांना खरंच प्रश्न पडतो. ते म्हणतात, “बाई, हे पंचायतीचं काम. इंजिनियरने करायचं.” बरोबर आहे सर. इंजिनियरने करायचं. पण देशभर लाखोंनी हापसे बसले आणि घागर टेकवायचा कट्टा त्या नकाशात नव्हता. ज्याला तो दिसला नाही तो बिनडोक होता असं मी म्हणणार नाही. त्याला दिसायचं कारणच नव्हतं. त्याने हापसा जमिनीतून वर येणाऱ्या पाण्याच्या बाजूने पाहिला होता. बाईच्या मांडीपासून खांद्यापर्यंतचं जे अंतर, ते कोणीतरी आधी पाहावं लागतं. आणि पाहणं हेच तर आम्ही वर्गात शिकवतो. निर्जीव वस्तूंचं रेखाटन करताना मी मुलांना सांगत असते, वस्तू काढू नका, दोन वस्तूंमधली मोकळी जागा काढा, वस्तू आपोआप येतील. नळपार हे मला त्या मोकळ्या जागेचं रेखाटन वाटतं.

तरीही एक खोच राहतेच. मुंबईची चित्रकार, तिच्या मागे इंग्रजी, गॅलऱ्या, परदेशी क्युरेटर. आणि समोर कोंडागावच्या बायका. ‘संवाद’ म्हटलं तरी दोन्ही बाजूंचा आवाज सारखा पोचतो का? कॅटलॉगच्या कव्हरवर कोणाचं नाव येतं? हा प्रश्न मी शोधून काढलेला नाही, त्या कामाभोवती तो पहिल्यापासून आहे, आणि नवज्योत यांनी तो टाळलाही नाही. सोबत्यांची नावं त्या घेतात, त्यांचं स्वतंत्र काम स्वतंत्र म्हणून मांडतात. तराजू यामुळे समतोल झाला असं मात्र मी लिहिणार नाही. गॅलरीच्या जगात तो होत नाही. पण वीस वर्षं एकाच तालुक्यात परत परत जाणाऱ्या माणसाला पाहुणा म्हणणंही जिवावर येतं.

2018 च्या डिसेंबरात मुंबईच्या नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचं मोठं प्रदर्शन सुरू झालं. नॅन्सी अदजानिया यांनी ते मांडलं होतं. नाव होतं ‘द अर्थ्स हार्ट, टॉर्न आउट’, पृथ्वीचं काळीज उपटून काढलंय अशा अर्थाचं. मी थिवीहून रात्रीची गाडी धरून गेले. काळा घोड्याजवळच्या त्या इमारतीत गोल जिन्यांनी वर वर चढत जावं लागतं. प्रत्येक मजल्यावर नवज्योत यांचा वेगळा काळ. सगळंच भिडलं असं नाही. न्यूयॉर्कच्या उंच इमारतींची जलरंगातली मालिका फार नीटनेटकी, फार हुशार वाटली. मी तिच्यापुढून लवकर सरकले. पण खाणींनी उठवलेल्या माणसांच्या कामापाशी आले आणि पाय तिथेच थांबले. ‘सोल ब्रेथ विंड’ असं त्याचं नाव. छत्तीसगडमधली माणसं कॅमेऱ्यापुढे आपल्या जमिनीबद्दल, पाण्याबद्दल, जंगलाबद्दल बोलतात.

त्या वर्षी मी कुठल्या गावाहून तिथे आले होते ते सांगायला हवं. 7 फेब्रुवारी 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या 88 खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं, आणि 16 मार्चपासून खाणी थांबल्या. त्याआधी 2012 मध्येही एकदा थांबल्या होत्या, बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालानंतर. मधल्या काळात 2014 च्या निकालाने वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घातलेली. चीनची भूक जोरात होती तेव्हा, 2010-11 च्या सुमाराला, गोव्यातून वर्षाला 5 कोटी टनांच्या वर खनिज बाहेर जात होतं. एक टन खनिज काढायला अडीच-तीन टन माती उकरून बाजूला टाकावी लागते. म्हणजे डंप किती उभे राहिले असतील त्याचा हिशेब करा. आमच्या शाळेच्या खिडकीतून एक दिसतो. मुलं डोंगराचं चित्र काढतात तेव्हा तो त्यात धरून चालतात. त्यांच्या जन्माआधीपासून तो आहे, त्यांना तो डोंगरच वाटतो. तांबडा रंग आमच्या शाळेत सगळ्यांत आधी संपतो.

खाण खोल गेली की पाण्याच्या पातळीच्या खाली जाते. खड्डा कोरडा ठेवायला पंप रात्रंदिवस पाणी उपसतात. ते पाणी कुठून येतं? शेजारच्या विहिरींतून. शिरगाव, पिसुर्ले, मये, कुठल्याही खाणपट्ट्यातल्या जुन्या बाईला विचारा. शिरगावच्या विहिरी आटल्या, पिसुर्ल्याच्या शेतांत पावसाबरोबर खाणीचा गाळ येऊन बसला. सत्तरी तालुक्यात सोनशीला 2017 च्या एप्रिलमध्ये लोकांनी धुळीने आणि पाण्याच्या हालांनी कंटाळून खनिजाचे ट्रक अडवले, तर 45 जणांना अटक झाली. त्यांत बायकाही होत्या. दुसरीकडे, खाण थांबली तशी घराघरांतला टिप्पर दारात उभा राहिला, हप्ते थकले. त्या घरातल्या बाईलाही मी ओळखते; तिचा मुलगा माझ्याच वर्गात होता. तो प्रत्येक चित्रात ट्रक काढायचा, त्याच्या चाकांना वेली चढलेल्या. कोणाच्या बाजूने बोलावं हे आमच्या गावात इतकं सोपं नाही, आणि जे पणजीत बसून सोपं करून सांगतात त्यांचा मला राग येतो.

बस्तरमधलं बैलाडिलाही लोखंडाचंच. तिथल्या खाणी साठच्या दशकाच्या अखेरीपासून चालू आहेत. माल रेल्वेने विशाखापट्टणमला, तिथून जहाजाने जपानला. शंकिनी नदी तांबडी झाली. आमच्याकडे माल बार्जमधून मांडवीने मुरगाव बंदराला, तिथून चीनला. मुंबईत त्या पडद्यापुढे उभी असताना छत्तीसगडी कानांवर पडत होती, ती मला पुरती कळत नाही, पण माणसं हाताने जे दाखवत होती ते सगळं कळत होतं. पाणी एवढं होतं, असं छातीशी हात नेऊन सांगणं. आता एवढं, असं घोट्यापाशी. आमच्या वाड्यावरची काकी हेच हात करून सांगते.

अशा वेळी चित्रकाराने काय करायचं? उत्तर नवज्योत यांच्याकडेही एकच नाही. गुजरातच्या 2002 च्या दंगलींनंतर त्यांनी ‘लॅक्युना इन टेस्टिमनी’ केलं, समुद्राचा व्हिडिओ आणि खाली जमिनीवर आरसे. जे घडलं ते सांगायला साक्षीदार पुरे पडत नाहीत तेव्हा मागे राहणाऱ्या रिकामपणाचं ते काम. तिथे कोणाची सोय केलेली नाही, कट्टा नाही. पाहणाऱ्याला अस्वस्थ सोडून दिलंय. सांगलीत देहविक्रय करणाऱ्या बायकांच्या संघटनेसोबत त्यांनी ‘टच’ मालिकेतलं काम केलं, त्यात त्या बायका स्वतः बोलतात, स्पर्शाबद्दल. आपल्याच मराठीत. मला तेव्हा वास्कोचं बायणा आठवलं, तिथेही अशाच बायकांची वस्ती होती. 2004 च्या पावसाळ्याच्या तोंडावर ती वस्ती बुलडोझर लावून पाडली, आणि गोव्यातल्या आम्हा सभ्य घरांत ‘बरं झालं, समुद्रकिनारा मोकळा झाला’ अशी चर्चा होती. कोणी त्या बायकांपुढे कॅमेरा धरून, तुम्ही बोला, आम्ही मध्ये बोलणार नाही, असं म्हटल्याचं माझ्या तरी कानावर आलं नाही.

आमच्याकडे दर डिसेंबरात मांडवीकाठी सेरेंडिपिटी कला महोत्सव भरतो, 2016 पासून. जुन्या गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, इमारतीत पर्यावरणावरची मांडणीशिल्पं असतात, माती-पाण्यावरची असतात, बरीचशी खरोखर चांगली. मुलांना मी हट्टाने घेऊन जाते. तिथे पाण्याच्या घागरींचं मोठं मांडणीशिल्प लागलं तर आमच्या पोरी त्यापुढे सेल्फी काढतील, आणि काढाव्यात. पण तिथली घागर रिकामी असते. मला वाटतं स्त्रीवादी कलेची परीक्षा घ्यायचीच झाली तर ती इथे घ्यावी: घागर भरलेली आहे का?

मध्यंतरी खाणपट्टे पुन्हा लिलावात निघाले आणि जनसुनावण्या सुरू झाल्या. त्यातल्या एकीला मी गेले होते. मंडप, पंखे, समोर अधिकारी. माइकपुढची रांग सगळी पुरुषांची. ट्रकवाले, पंच, वकील, शेतकरी. बायका उजव्या हाताच्या खुर्च्यांवर. दुपारनंतर आमच्या वाड्यावरच्या काकी उठल्या. वय सत्तरीच्या पुढे. त्यांनी आपल्या विहिरीला किती पाणी असायचं ते हाताने दाखवलं, महिन्यामहिन्याचं सांगितलं, चैत्रात इतकं, वैशाखात इतकं. समोरून उत्तर आलं, “बरं, हे लेखी द्या.” काकी सही करतात, पण लिहीत नाहीत. खुर्चीवर परत येऊन त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “आमकां कोण विचारता?”

मी त्यांच्या सांगण्याची चित्रं केली. एका लांब कागदावर विहिरीचा उभा छेद, बारा वेळा, बारा महिन्यांचा, काकी सांगतील त्या उंचीवर पाण्याची रेघ. आधीच्या काळाची एका रंगात, आताची दुसऱ्या. काकींनी तीन रेघा खोडायला लावल्या, “आषाढात इतकं नसतं गो, तू शहरात शिकलीस म्हणून काय झालं.” मग वाड्यावरच्या आणखी बायका आल्या, प्रत्येकीची विहीर वेगळी. कागद वाढत गेला. तो आम्ही लेखी निवेदनाला जोडून दिला. घेणाऱ्या कारकुनाने उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, “ही रांगोळी कसली?” तरी शिक्का मारला. पोच माझ्याकडे आहे. पुढे काय झालं याची माहिती कोणी कळवलेली नाही.

त्या कागदामुळे एक मात्र झालं. बायका विहिरीबद्दल बोलायला जमू लागल्या. गेल्या उन्हाळ्यात नळाला पाणी दोन-दोन दिवस येईना, तेव्हा जुन्या विहिरीवर पुन्हा गर्दी झाली आणि पंचायतीने तिचा चौथरा दुरुस्त करायचं ठरवलं. चिरे, सिमेंट आले. गवंडी आला. मी काही नवज्योत अल्ताफ नव्हे, पण दोन टप्प्यांचा कट्टा हवा हे मी पंचसदस्य वहिनींच्या गळी उतरवलं. नळपाराचा फोटो मोबाइलवर दाखवला. वहिनी हुशार, लगेच म्हणाल्या, “म्हणजे हात लावायला कोणी नको.” 

अडलं ते उंचीवर. गवंड्याने ओळंबा खाली ठेवला, टेप काढली आणि माझ्याकडे बघून विचारलं, “किती फूट?” मी म्हटलं, यांना विचारा. विचारल्यावर पाऊण तास काम थांबलं. काकी ठेंगण्या, त्यांना पहिला टप्पा मांडीशी हवा. शेजारची सून उंच, ती म्हणे इतक्या खाली टेकवायचं तर पाठ पुन्हा वाकणारच, मग कट्टा कशाला. एकीने कळशी भरूनच आणली आणि चिऱ्यांच्या रचलेल्या ढिगावर टेकवून दाखवली. दुसरीने त्यावर आणखी एक चिरा चढवला. पोरी आपल्या उंचीचंही धरा म्हणून मध्ये घुसल्या, त्यांना कोणीतरी गप्प केलं, तर वहिनी म्हणाल्या, पाणी उद्या त्याच भरणार आहेत, बोलू दे. गवंडी बिडी ओढत बसला. शेवटी दोनाचे तीन टप्पे करायचं ठरलं आणि तो वैतागला, कारण सिमेंट दोन टप्प्यांच्या हिशेबाने आलं होतं.

“अहो, सगळ्यांत वरचा कमी रुंद करा,” काकी त्याला म्हणाल्या, “तिथे ह्या उंच बायकाच ठेवणार. त्यांना काय, त्या कशाही उचलतील.”

“आणि मग भांडं पडलं तर?” सून म्हणाली.

गवंड्याने पुन्हा टेप काढली.